शंका-समाधान : संगणकातली माहिती कोणत्या रुळावर उभी असते?

मोबाइल आणि संगणक हवी ती माहिती क्षणात कशी शोधून काढतात, या विषयावरील गेल्या महिन्यातील टिपणानंतर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख 'डेटा स्ट्रक्चर' या एकाच शब्दाकडे आहे. जळगाव, भुसावळ, रावेर, चाळीसगाव, धुळे, नंदुरबार आणि धरणगाव येथील वाचकांच्या या पत्रांना येथे एकत्र उत्तरे दिली आहेत. सर्व उदाहरणे मुद्दाम रेल्वेची घेतली आहेत. एक तर खानदेशातील वाचकाला यार्ड, वाघीण आणि सांधा समजावून सांगावा लागत नाही. दुसरे असे की, या विषयातील एका प्रसिद्ध पद्धतीचे नावच रेल्वेच्या यार्डावरून पडलेले आहे.

माझी मुलगी संगणक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि 'डेटा स्ट्रक्चर' हा विषय तिला जड जातो. माहिती कशीही ठेवली तरी संगणक ती वाचणारच, आणि तो एवढा वेगवान असतो, मग मांडणीचा एवढा बाऊ कशाला?
— एक गृहिणी, जळगाव

संगणक वेगवान असतो हे खरे आहे, पण त्या वेगाला मर्यादा आहे आणि ती मर्यादा आपल्या अपेक्षेपेक्षा फार लवकर गाठली जाते. समजा, आपल्याकडे एक लाख प्रवाशांची नावे आहेत आणि त्यांत कोणाचे नाव दोनदा आले आहे काय, एवढेच पाहायचे आहे. नावे वाटेल तशी लिहिलेली असतील आणि प्रत्येक नावाची तुलना उरलेल्या प्रत्येक नावाशी करायची ठरवली, तर कोणतीही जोडी पुन्हा न तपासता सुद्धा सुमारे पाचशे कोटी तुलना कराव्या लागतात. तीच नावे आधी अकारविल्हे लावून घेतली, तर ती लावण्यासाठी साधारण सतरा लाख तुलना पुरतात आणि त्यानंतर यादीवरून एकदा नजर फिरवली की सारखी नावे शेजारी शेजारीच उभी दिसतात. यंत्र तेच, नावे तीच, काम तेच. फरक पडला तो केवळ मांडणीने.

माहिती अशा रीतीने मांडून ठेवण्याच्या ज्या ठरलेल्या पद्धती आहेत, त्यांना डेटा स्ट्रक्चर म्हणतात. यांपैकी कोणतीही पद्धत सर्व कामांना उत्तम नसते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते, पण ती व्याख्यांच्या गर्दीत हरवते आणि विषय जड वाटण्याचे कारण बहुधा हेच असावे. प्रत्येक मांडणी एक प्रश्न सोपा करते आणि त्याची किंमत म्हणून दुसरा एखादा प्रश्न अवघड करून ठेवते. त्यामुळे मुलीला असे सुचवावे की, प्रत्येक प्रकरण वाचताना व्याख्येच्या आधी 'ही मांडणी कोणत्या प्रश्नाच्या सोयीसाठी केली आहे आणि कोणाची गैरसोय करून' हे विचारावे. खालील उत्तरांतही तीच दृष्टी ठेवली आहे.

प्रोग्रामर लोक मोजणी एकऐवजी शून्यापासून का सुरू करतात? माझ्या पुतण्याला विचारले तर तो म्हणतो, 'काका, ते तसेच असते.' हे काही उत्तर झाले नाही.
— नियमित प्रवास करणारे एक शिक्षक, भुसावळ

पुतण्याचे उत्तर अपुरे आहे, पण पूर्ण उत्तर आपण ज्या डब्यातून प्रवास करता त्या डब्यातच आहे. जुन्या पद्धतीच्या स्लीपर डब्यात ७२ बर्थ असतात आणि आठ-आठ बर्थचा एक कप्पा असतो. आपले तिकीट ४३ क्रमांकाचे असेल, तर नेहमीचा प्रवासी डब्यात चढण्यापूर्वीच सांगतो की हा बर्थ सहाव्या कप्प्यात आहे आणि तो वरचा आहे. कारण ४३ ला आठने भागले तर भागाकार ५ येतो, म्हणजे पाच कप्पे ओलांडून सहावा. आणि बाकी ३ उरते, म्हणजे वरचा बर्थ. १ आणि ४ खालचे, २ आणि ५ मधले, ३ आणि ६ वरचे, ७ साइड लोअर आणि ८ साइड अपर, हा क्रम प्रत्येक कप्प्यात तसाच असतो. कोणत्याही बर्थवर जाण्यासाठी आधीचे बर्थ मोजत जावे लागत नाही. क्रमांकावरून जागा हिशेबाने काढता येते. संगणकाच्या स्मृतीतही अगदी अशीच व्यवस्था असते. एकाच आकाराच्या वस्तू सलग ठेवायच्या, पहिल्या वस्तूचा पत्ता लक्षात ठेवायचा, आणि हव्या त्या वस्तूचा पत्ता गुणाकार-बेरजेने काढायचा. या मांडणीला अ‍ॅरे म्हणतात, आणि त्यातील दहावी वस्तू काढायला जेवढा वेळ लागतो तेवढाच दहा लाखावी वस्तू काढायला लागतो.

आता शून्याकडे येऊ. वरचाच हिशेब ४८ क्रमांकाच्या बर्थसाठी करून पाहा. भागाकार ६ येतो आणि बाकी शून्य उरते. नियमाप्रमाणे हा बर्थ सातव्या कप्प्यात असायला हवा, पण तो असतो सहाव्यात, कारण तो सहाव्या कप्प्याचा शेवटचा, साइड अपर बर्थ आहे. म्हणजे बाकी शून्य आल्यास भागाकार एकने कमी धरावा, असा अपवाद नियमाला जोडावा लागतो. बर्थ जर ० पासून ७१ पर्यंत मोजले असते, तर ० ते ७ या आठही बर्थचा भागाकार शून्य, ८ ते १५ या सर्वांचा एक, असे होऊन अपवाद उरलाच नसता. याचे कारण असे की, शून्यापासूनची मोजणी 'कितवा' हे न सांगता 'सुरुवातीपासून किती अंतरावर' हे सांगते, आणि पत्ता काढण्यासाठी लागते ते अंतरच. माणसाला कितवा हे कळलेले बरे वाटते, यंत्राला अंतर कळलेले बरे पडते. सर्वच संगणकीय भाषा शून्यापासून मोजतात असेही नाही. फोरट्रान या जुन्या भाषेत मोजणी सहसा एकपासूनच असते.

अ‍ॅरेची गैरसोयही डब्यातच दिसते. ४२ आणि ४३ च्या मध्ये एक नवा बर्थ बसवायचा म्हटला, तर ४३ पासून पुढच्या प्रत्येक प्रवाशाला उठवून एक जागा पुढे सरकवावे लागेल. डबा भरलेला असेल, तर दुसरा मोठा डबा आणून सर्वांना त्यात हलवण्यावाचून गत्यंतर नाही. संगणकात हे खरोखर केले जाते. जागा संपली की अनेक प्रणाल्या दुप्पट आकाराची नवी जागा घेतात आणि सर्व माहिती तिकडे नेतात. ही उचलठेव मोठी वाटते, पण दरवेळी आकार दुप्पट होत गेल्यामुळे ती क्वचितच करावी लागते आणि एका प्रवाशामागे तिचा सरासरी खर्च फार थोडा पडतो.

मुलगा सांगतो की लिंक्ड लिस्ट म्हणजे मालगाडी. आमच्याकडून केळीच्या वाघिणी भरून दिल्लीकडे जातात, त्यामुळे मालगाडी चांगली ठाऊक आहे. पण अ‍ॅरे एवढी सोयीची असताना हिची गरज कोणाला?
— एक केळी व्यापारी, रावेर

अ‍ॅरेत मधे घुसवणे आणि मधून काढणे महाग पडते, म्हणून ही गरज निर्माण झाली. रेकमधील (जोडलेल्या गाडीतील) एखादी वाघीण सिक, म्हणजे नादुरुस्त, झाली, तर दोन्ही बाजूंची कपलिंग सोडून ती बाजूला काढतात आणि पुढची-मागची वाघीण एकमेकींना जोडतात. बाकीच्या वाघिणींतील केळीच्या एकाही घडाला हात लावावा लागत नाही. लिंक्ड लिस्टमध्ये प्रत्येक नोंदीसोबत पुढची नोंद कोठे आहे तो पत्ता लिहिलेला असतो. मधली नोंद काढायची असल्यास फक्त तिच्या आधीच्या नोंदीवरील पत्ता बदलायचा. ही कल्पना १९५५-५६ च्या सुमारास न्यूवेल, शॉ आणि सायमन या तीन अमेरिकी संशोधकांनी वापरात आणली. गणितातील प्रमेये सिद्ध करणारा संगणकाचा प्रोग्राम ते लिहीत होते आणि कोणती यादी किती वाढेल हे त्यांना आधी सांगता येत नव्हते.

गैरसोय अशी की, चाळिसाव्या वाघिणीजवळ जायचे असेल तर इंजिनापासून एकेक वाघीण मोजत चालत जावे लागते. येथे भागाकाराचा हिशेब चालत नाही.

आपल्या मुलाने दिलेली उपमा चांगली आहे, मात्र ती एका ठिकाणी फसवते आणि ते ठिकाण महत्त्वाचे आहे. मालगाडीच्या वाघिणी एकाच रुळावर एकीमागे एक उभ्या असतात. लिंक्ड लिस्टच्या नोंदी तशा नसतात. पहिली वाघीण निंभोऱ्याला, दुसरी पाचोऱ्याला, तिसरी नवापूरला उभी आहे आणि प्रत्येकीच्या दारावर पुढची कोठे आहे ते खडूने लिहिले आहे, असे चित्र अधिक खरे ठरेल. आधुनिक प्रोसेसर स्मृतीतून एक गोष्ट मागवताना तिच्या शेजारच्या गोष्टीही सोबत उचलून आणतो, कारण पुढे त्याच लागतील असा त्याचा कयास असतो. अ‍ॅरेत हा कयास बरोबर ठरतो, लिंक्ड लिस्टमध्ये वारंवार चुकतो. त्यामुळे कागदावर लिंक्ड लिस्ट सरस दिसते अशा अनेक कामांतही प्रत्यक्षात अ‍ॅरेच जलद ठरते. पाठ्यपुस्तके या भागावरून फार घाईने पुढे जातात, असे माझे मत आहे.

मी यार्डात शंटिंगचे काम करून निवृत्त झालो. नातू म्हणतो की त्यांच्या अभ्यासात 'शंटिंग यार्ड' नावाचा धडा आहे. मला ही थट्टा वाटली. खरेच असे काही आहे काय?
— एक निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

थट्टा नाही. एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेली एक पद्धत 'शंटिंग यार्ड अल्गोरिदम' याच नावाने जगभर शिकवली जाते, आणि ती समजून घेण्यास आपल्याइतका योग्य वाचक दुसरा कोणी नसेल.

आधी त्यामागची मांडणी पाहू. एका टोकाला बफर असलेली, म्हणजे डेड एंड, सायडिंग (एका बाजूने बंद असलेला बाजूचा रूळ) घ्या. तिच्यात आधी अ, मग ब, मग क अशा तीन वाघिणी ढकलल्या, तर बाहेर काढताना आधी क निघते, मग ब, आणि सर्वांत शेवटी अ. शेवटी आत गेलेली सर्वांत आधी बाहेर येते, आणि मधलीच ओढून काढता येत नाही. या मांडणीला स्टॅक म्हणतात. लिहिताना चुकले की आपण 'अनडू' करतो, तेव्हा सर्वांत शेवटचा बदल सर्वांत आधी रद्द होतो, कारण बदल अशाच सायडिंगमध्ये उभे केलेले असतात. एक काम अर्धवट ठेवून दुसरे, ते अर्धवट ठेवून तिसरे करायला गेलेला प्रोग्राम परत येताना आधी दुसऱ्याकडे आणि मगच पहिल्याकडे येतो, तोही याच सायडिंगच्या आधाराने. सायडिंगची लांबी संपली आणि तरीही आत ढकलणे चालूच राहिले, तर जो गोंधळ होतो त्याला 'स्टॅक ओव्हरफ्लो' म्हणतात.

आता डायक्स्ट्राची पद्धत. आपण ३ + ४ × २ असे लिहितो तेव्हा गुणाकार आधी करायचा हे शाळेत शिकलेले असते, म्हणून उत्तर ११ येते, १४ येत नाही. यंत्र मात्र डावीकडून एकेक चिन्ह वाचत येते; + वाचले तेव्हा पुढे × येणार आहे हे त्याला ठाऊक नसते. उपाय असा की, प्रत्येक अंक आणि प्रत्येक चिन्ह ही एकेक वाघीण समजायची. अंकांच्या वाघिणी मुख्य मार्गाने सरळ पुढे जातात. चिन्हांच्या वाघिणी डेड एंड सायडिंगमध्ये उभ्या करायच्या, पण एका अटीवर : नवी चिन्ह-वाघीण आत घालण्यापूर्वी सायडिंगच्या तोंडाशी उभे असलेले चिन्ह तिच्याइतक्या किंवा तिच्याहून वरच्या दर्जाचे असेल, तर त्याला आधी बाहेर काढून मुख्य मार्गावर सोडायचे. गुणाकाराचा दर्जा बेरजेहून वरचा.

करून पाहू. ३ सरळ पुढे गेला. + सायडिंगमध्ये गेले. ४ पुढे गेला. × आले, तोंडाशी + आहे, त्याचा दर्जा खालचा, म्हणून ते राहू द्यायचे आणि × त्याच्यापुढे उभे करायचे. २ पुढे गेला. गाडी संपली, आता सायडिंग रिकामी करायची : आधी × निघाले, मग +. मुख्य मार्गावर गाडी लागली ती ३ ४ २ × + अशी. हीच गाडी पुन्हा एका रिकाम्या सायडिंगजवळ न्या, मात्र आता अंक आत उभे करा, आणि चिन्ह आले की तोंडाशी असलेले दोन अंक काढून त्यांवर ती क्रिया करून उत्तर परत आत घाला. ३, ४, २ आत गेले. × ने २ आणि ४ काढून ८ आत घातले. + ने ८ आणि ३ काढून ११ आत घातले. पुढे काय येणार याचा अंदाज न बांधता, मागे वळून न पाहता, गणित सुटले.

उदाहरण बदलून ३ × ४ + २ घेतले, तर + येताच तोंडाशी × उभा असल्यामुळे तो आधी बाहेर पडतो आणि गाडी ३ ४ × २ + अशी लागते, उत्तर १४. हे आपण कागदावर नातवासमोर करून दाखवावे. कंसाच्या वेळी काय करायचे, हा प्रश्न त्याला विचारावा. उत्तर अवघड नाही, पण ते त्याने स्वतः शोधले पाहिजे.

तिकीट खिडकीची रांग आणि संगणकाची 'क्यू' या एकच गोष्टी आहेत काय?
— एक विद्यार्थिनी, चाळीसगाव

होय, एकच, जो आधी आला तो आधी सुटला. छपाईयंत्राकडे पाठवलेली कागदपत्रे अशाच रांगेत थांबतात. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. मालगाडी बाजूला थांबवून मागून आलेल्या राजधानीला आधी वाट देतात, तशी जिच्यात येण्याच्या क्रमाऐवजी महत्त्वाचा क्रम पाहिला जातो, तिला प्रायॉरिटी क्यू म्हणतात. ही रांग जलद चालवण्यासाठी वापरली जाणारी 'हीप' नावाची मांडणी विल्यम्स या संगणकशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये दिली. हिचे काम पुढे नंदुरबारच्या पत्रात पडेल.

दहा आकडी पीएनआर टाकला की लाखो तिकिटांतून माझेच तिकीट क्षणात पुढे येते. संगणक सगळी तिकिटे चाळतो काय? आणि नावावरून शोधायचे असेल तर?
— एक दुकानदार, धुळे

सगळी तिकिटे तो चाळत नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांच्यासाठी दोन वेगळ्या मांडण्या आहेत. आरक्षण व्यवस्थेच्या आत नेमकी कोणती मांडणी वापरली आहे याच्याशी येथे कर्तव्य नाही. असा प्रश्न सोडवण्याच्या रूढ रीती सांगतो.

पहिली रीत म्हणजे हॅश टेबल. पार्सल ऑफिसात शंभर रॅक आहेत आणि पावतीचे शेवटचे दोन आकडे हाच रॅकचा क्रमांक, असा नियम केला आहे, असे समजा. ४७ ने संपणारी पावती आली की थेट ४७ व्या रॅककडे जायचे. क्रमांकावरून जागा काढण्याची ही कल्पना आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये मांडली. अडचण उघड आहे : दोन पार्सले एकाच रॅकच्या वाट्याला येऊ शकतात. हे किती लवकर होते याचा अंदाज सहसा चुकतो. रॅक शंभर असले आणि पार्सले अगदी विखुरलेली येत असली, तरी तेरावे पार्सल येईपर्यंत कुठेतरी दोन पार्सले एकत्र पडण्याची शक्यता निम्म्याहून अधिक झालेली असते. त्यामुळे टक्कर टाळता येत नाही. ती झाल्यावर त्याच रॅकवर लहानशी यादी करून ठेवतात, किंवा शेजारचा रिकामा रॅक धरतात.

नियम निवडतानाही विचार लागतो. पीएनआरचे सुरुवातीचे आकडे तिकीट कोणत्या आरक्षण केंद्रव्यवस्थेतून निघाले त्याच्याशी जोडलेले असतात. शेवटच्या आकड्यांऐवजी हे पहिले आकडे धरून रॅक ठरवला असता, तर एका भागातील सगळी पार्सले दोन-चार रॅकवर कोंबली जाऊन बाकीचे रॅक मोकळे राहिले असते. शिवाय हॅश टेबलमध्ये क्रम पूर्णपणे मोडतो. 'पाटील' आडनावाने सुरू होणाऱ्या सर्व नोंदी द्या, असे म्हटले की ही मांडणी हात वर करते, कारण त्या शंभर रॅकवर विखुरलेल्या असतात.

अशा प्रश्नांसाठी दुसरी रीत आहे, तिला ट्री म्हणतात. यार्डाच्या तोंडाशी एक रूळ सांध्यावर दोन रुळांत फुटतो, ते प्रत्येकी पुन्हा दोनांत फुटतात. प्रत्येक सांध्यावर एका नावाची पाटी लावली आहे; शोधायचे नाव अकारविल्हे पाटीच्या आधीचे असेल तर डावीकडे, नंतरचे असेल तर उजवीकडे वळायचे. दहा सांधे ओलांडल्यावर १,०२४ रूळ होतात आणि वीस सांधे ओलांडल्यावर १०,४८,५७६. म्हणजे दहा लाख नावांतून एक नाव शोधण्यास सुमारे वीस वळणे पुरतात. पन्नास लाख नावांसाठी तीन वळणे वाढतात, एवढेच. शिवाय नावांचा क्रम टिकतो, त्यामुळे सगळे 'पाटील' शेजारी शेजारीच मिळतात.

हे गणित सांधे समतोल बसवलेले असतील तरच जमते. नावे जर आधीच अकारविल्हे लावून एकामागून एक घातली, तर प्रत्येक नवे नाव उजवीकडेच जाते, डावीकडे एकही फाटा फुटत नाही, आणि यार्डाऐवजी एक लांबलचक रूळ तयार होतो. नीटनेटकी यादी दिली म्हणून मांडणी बिघडावी, हा या विषयातील एक गमतीचा विरोधाभास आहे. १९६२ मध्ये आदेल्सन-वेल्स्की आणि लांदिस या दोन सोव्हिएत गणितज्ञांनी प्रत्येक भर घातल्यानंतर सांधे आपोआप समतोल करून घेणारी रीत काढली. पुढे बोइंग कंपनीत काम करणाऱ्या बायर आणि मॅक्राइट यांनी एका सांध्यावर दोनऐवजी शेकडो फाटे ठेवणारे 'बी-ट्री' तयार केले. त्यांचा लेख १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. माहिती डिस्कवर असेल तर प्रत्येक सांध्याजवळ थांबणे महाग पडते, म्हणून थांबे कमी केले. दोनशे फाटे असतील तर तीन थांब्यांत ऐंशी लाख नोंदींपर्यंत पोहोचता येते. बहुतेक डेटाबेस आजही याच कुळातील मांडणीवर चालतात.

मोबाइलवरील नकाशा सर्वांत जवळचा रस्ता कसा काढतो? सर्व रस्ते तपासून पाहणे शक्य आहे काय?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नंदुरबार

सर्व रस्ते तपासणे शक्य नाही. थोडी गावे वाढली तरी मार्गांची संख्या आवाक्याबाहेर जाते. नकाशा ज्या मांडणीत ठेवतात तिला ग्राफ म्हणतात : काही बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ट्रीमध्ये प्रत्येक ठिकाणी पोहोचण्याची एकच वाट असते, ग्राफमध्ये अनेक असू शकतात.

आपल्याकडील रेल्वेचे जाळेच घ्या. भुसावळहून एक मार्ग खांडव्याकडे, एक अकोल्याकडे आणि एक जळगावकडे जातो. जळगावहून एक मार्ग पाचोरा, चाळीसगाव करीत मनमाडकडे आणि दुसरा धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत सुरतेकडे जातो. चाळीसगावहून धुळ्याला एक फाटा आहे. धुळे आणि नरडाणा ही गावे महामार्गाने सरळ जोडलेली आहेत, पण या जाळ्यातून रुळाने जायचे तर धुळ्याहून चाळीसगाव, तेथून जळगाव, आणि मग अमळनेरवरून नरडाणा असा वळसा पडतो. चाळीसगाव–धुळे फाट्यावरील बोरविहीर ते नरडाणा हा मार्ग मनमाड–इंदूर प्रकल्पाचा भाग आहे. ती एक रेषा या ग्राफमध्ये वाढली की केवळ धुळे-नरडाणा अंतरच घटते असे नाही. धुळे-नंदुरबार, धुळे-दोंडाईचा, चाळीसगाव-नंदुरबार अशा कितीतरी जोड्यांचा जवळचा मार्ग बदलू शकतो. ग्राफचा अभ्यास याच कारणाने रंजक होतो.

जवळचा मार्ग काढण्याची रीतही वर आलेल्या डायक्स्ट्रा यांचीच आहे. १९५६ मध्ये ॲमस्टरडॅम येथे एका कॅफेत वाग्दत्त वधूसोबत बसले असताना, कागद-पेन्सिल न घेता, ती आपल्याला साधारण वीस मिनिटांत सुचली, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. लेख १९५९ मध्ये आला. रीत अशी : सुरुवातीच्या स्थानकाचे अंतर शून्य धरायचे, बाकीची अनिश्चित. ज्यांचे अंतर अजून पक्के झालेले नाही अशा स्थानकांपैकी सर्वांत जवळचे उचलायचे, त्याचे अंतर पक्के करायचे, आणि त्याच्या शेजारच्या स्थानकांना 'माझ्यावरून आलात तर अंतर कमी होते काय' हे विचारून आकडे सुधारायचे. पुन्हा उरलेल्यांतील सर्वांत जवळचे उचलायचे. उचललेले अंतर पुन्हा बदलत नाही, कारण दूरच्या स्थानकावरून फिरून आल्याने ते कमी होणे शक्य नसते. कोणत्याही रेषेची लांबी ऋण नसावी, एवढी एकच अट आहे. 'सर्वांत जवळचे उचला' हे काम वारंवार करायचे असल्याने येथे प्रायॉरिटी क्यू लागते. ती नसेल तर पद्धत चालते, पण मोठ्या नकाशावर धापा टाकते. प्रत्यक्षातील नकाशे याच्यावर आणखी बऱ्याच युक्त्या चढवतात, गाभा मात्र हाच असतो.

मी जिनिंगमध्ये हिशेब पाहतो. कापसाच्या पावत्या एक्सेलमध्ये एकाखाली एक लिहितो आणि प्रत्येक पावतीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, बँक खाते पुन्हा लिहितो. हंगामाच्या शेवटी फाइल फार हळू चालते. मला प्रोग्रामर व्हायचे नाही. यात माझ्या उपयोगाचे काही आहे काय?
— एक हिशेबनीस, धरणगाव

आहे. सर्वप्रथम शेतकऱ्यांची वेगळी शीट करावी. प्रत्येक शेतकऱ्याला एक क्रमांक द्यावा आणि नाव, गाव, खाते हे तेथे एकदाच लिहावे. पावत्यांच्या शीटवर केवळ तो क्रमांक लिहावा. वाघिणीच्या दारावर पुढचा पत्ता लिहिण्याचा जो प्रकार वर आला, तोच हा आहे. एखाद्याचे खाते बदलले तर एकाच ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल, आणि जुन्या पन्नास पावत्यांवर जुने खाते राहून जाण्याची भीती उरणार नाही. क्रमांकासाठी नाव वापरू नये, कारण एका गावात एकाच नावाचे दोन शेतकरी सहज असतात.

दुसरे, व्हीलुकअप (यादीतून हवी ती नोंद शोधून आणणारे एक्सेलचे सूत्र) वापरत असल्यास शेवटच्या जागी 'फॉल्स' लिहिता की 'ट्रू', हे पाहावे. 'फॉल्स' लिहिले की नेमकी तीच नोंद मिळते, पण विशेषतः जुन्या आवृत्त्यांत एक्सेल वरून खाली एकेक ओळ तपासत जाते. 'ट्रू' लिहिले तर ते यादी क्रमाने लावलेली आहे असे धरून दरवेळी उरलेली यादी निम्मी करीत जाते. एक्सेलच्या एका शीटवर १०,४८,५७६ ओळी मावतात, म्हणजे धुळ्याच्या वाचकाला सांगितलेल्या वीस सांध्यांइतक्याच. शीट काठोकाठ भरली तरी अशा शोधाला साधारण वीसच तुलना लागतील. मात्र यादी क्रमाने नसेल तर 'ट्रू' चुकीचे उत्तर देते आणि चूक झाल्याचे सांगतही नाही. शिवाय क्रमांक यादीत नसेल तर त्याच्या अलीकडच्या क्रमांकाची नोंद बिनदिक्कत पुढे करते. पैशाच्या हिशेबात हे परवडणारे नाही. म्हणून आधी वरीलप्रमाणे शीट वेगळ्या करून पाहाव्यात. शेतकऱ्यांची यादी पावत्यांच्या मानाने लहान असल्याने 'फॉल्स' ठेवूनही वेगात फरक जाणवेल. तरीही काम अडत असेल, तर शेतकऱ्यांची शीट क्रमांकाने लावून 'ट्रू' करावे, आणि मिळालेल्या नोंदीचा क्रमांक मागितलेल्या क्रमांकाशी जुळतो की नाही हे शेजारच्या रकान्यात तपासून घ्यावे.